न मागितलेला निरोप

वर्ना: आधी मला हे सांग, शाळेच्या बसमध्ये ती झुलती खुर्ची काय करतेय?

हार्लन: सकाळी विमानतळावरून आणायला दुसऱ्या कशात मावेना, मावशी. पोरांना घरी सोडलं आणि तसाच इकडे आलो.

वर्ना: तिच्या पाठीवर तुझं नाव कोरलंय.

हार्लन: क्लबनं दिली. शनिवारी. मी लॅक्रॉसमधून निवृत्त झालो म्हणून.

वर्ना: निवृत्त झालास? आणि सख्ख्या मावशीला ते बसमधल्या पोरांच्या नंतर कळतंय?

हार्लन: मलाही शनिवारीच कळलं.

एलवुड: वर्ना, त्याला आधी सूप दे. हे रिकाम्या पोटी सांगण्यासारखं दिसत नाही.

वर्ना: वाढतेय. मक्याचंच आहे. तू बोलत राहा.

हार्लन: मामा, तुम्ही मला लॅक्रॉसचा चेंडू अडवायची, जाळी लावलेली गोलकीपरची नवी काठी करून दिलीत ना? हात थरथरतात, आता यापुढे लाकूड वाकवणार नाही म्हणालात. क्लबात सामान सांभाळणाऱ्या डगला मी ती दाखवली. म्हटलं, डग, ही शेवटची. तर त्याच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, माणूस लाकडाचा शौकीन आहे.

एलवुड: असतात काही जण.

हार्लन: त्यानं कोचला सांगितलं, हार्लन खेळणं सोडतोय, आणि कोचनं मालकाला. शनिवारी मॅचसाठी मैदानात पाय ठेवतो, तर समोर भिंतीएवढ्या कापडावर माझा चेहरा. खाली, 'हार्लन, आम्ही तुला विसरणार नाही.' मला वाटलं, मी गेलोच.

एलवुड: फोटोत हसत होतास का?

हार्लन: हसत होतो.

एलवुड: मग वाटणारच.

वर्ना: तुला तोंड नव्हतं? सांगायचंस, बाबांनो, काहीतरी घोटाळा झालाय.

हार्लन: सांगायलाच माइक हातात घेतला होता. तेवढ्यात अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पहिल्या रांगेत एक म्हातारी हुंदके देत होती. तिला काय सांगू, बसा आजी, मी कुठं जात नाहीये?

वर्ना: हो. अगदी हेच सांगायचं.

हार्लन: मी म्हणालो, धन्यवाद.

वर्ना: आणि?

हार्लन: मग त्यांनी माझा शर्ट दोरीनं स्टेडियमच्या छताला टांगला, म्हणजे तो नंबर आता कुणी घालायचा नाही. दोरी ओढायला नवा गोलकीपर होता, कीगन. मला खुर्चीत बसवलं, मैदानाच्या कडेला. पूर्ण मॅच तिथं बसून बघितली. दर गोलाला कीगन माझ्याकडे बघायचा आणि मी खुर्ची झुलवायचो. दुसरं काय करणार?

एलवुड: हरले?

हार्लन: धुव्वा उडाला.

वर्ना: एल, हसू नकोस. इतकी वर्षं आठवडाभर बस चालवायची, शुक्रवारी विमान पकडायचं, रविवारी अंगभर काळेनिळे डाग घेऊन परतायचं. त्याचा हा असा शेवट? एका डगच्या रडण्यानं? खरं सांग हार्लन, का गप्प बसलास? म्हातारीचं निमित्त सांगू नकोस.

हार्लन: मावशी, गोल झाला की सगळे माझ्याकडे बघतात. अडवला की चेंडूकडे. त्या दिवशी गोल झालेला नव्हता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मालक माझ्याबद्दल बोलत होता, चांगलं चांगलं. मला ते पूर्ण ऐकायचं होतं. ऐकून झालं तोवर मी निवृत्त झालो होतो.

एलवुड: अजून सूप घे.

(फोन वाजतो.)

हार्लन: क्लबचा मॅनेजर आहे, कॉर्बेट. हॅलो. हो, बरा आहे. खुर्ची छान आहे. काय? कीगनची पाठ? कशानं? माझा शर्ट ओढताना? अरेरे. येत्या शनिवारी? म्हणजे मी खेळू? हो, खेळेन की. पण तुम्ही तर... अच्छा. माझा नंबर वापरता येणार नाही. नावही नाही? मग कुणाच्या नावानं? कीगनच्या? लोक ओळखतील ना हो. तोंडावरचा मुखवटा काढायचा नाही, कुणाला हात करायचा नाही, बरं. पाच मिनिटांत सांगतो.

वर्ना: म्हणजे तू जाऊन त्या पोराच्या नावानं उभा राहणार.

हार्लन: त्याची पाठ बरी होईपर्यंतच. पण खेळायला तर मिळेल.

वर्ना: शनिवारी तुला जाता येणार नाही.

एलवुड: वर्ना, राहू दे.

वर्ना: का राहू दे? हार्लन, शनिवारी सकाळी लाँगहाऊसमागं, आपल्या जमातीच्या सभाघराच्या मैदानावर खेळ आहे. औषधाचा लॅक्रॉस. तुझ्या मामाला बरं वाटावं म्हणून. मीच बोलणी केली. डॉक्टरांचे उपचार चालू राहतीलच, पण हात आता चमचासुद्धा धरत नाहीत. तू आलास तेव्हापासून त्यानं सूप तोंडाला लावलेलं नाही, बघितलंस?

हार्लन: मला वाटलं, तुमचं जेवण झालंय.

एलवुड: झालं नाही. तुझ्यासमोर सांडायचं नव्हतं. हे बघ, तू जा तिकडे. इथं खेळायला माणसं पुष्कळ आहेत, म्हातारे आहेत, पोरं आहेत. तुझं ते काम आहे. कीगन म्हणून का होईना.

हार्लन: मामा, असल्या खेळाला मी शेवटचा कधी आलो होतो?

एलवुड: तू लहान होतास तेव्हा. नंतर तुझे शनिवार विमानात गेले. मी कधी बोललो का?

हार्लन: नाही. म्हणून तर विचारतोय.

वर्ना: फोन वाजतोय परत.

हार्लन: हॅलो, कॉर्बेट. नाही, मला जमणार नाही. अहो, मी निवृत्त झालोय. हो, तुम्हीच केलंत, पण आता मीही झालो. त्या म्हातारीला सांगा, तिचं रडणं वाया गेलं नाही. ठेवतो.

वर्ना: बैस आता.

हार्लन: मावशी, तू रडतेयस?

वर्ना: मी त्या स्टेडियममधली म्हातारी नव्हे. भाकरी भाजताना धूर झाला. एल, भिंतीवर टांगलेली ती जुनी लाकडी काठी त्याला दे. मी काही तिला हात लावणार नाही, औषधाच्या खेळातल्या काठीला बायकांनी शिवायचं नसतं.

एलवुड: तूच उतरव, हार्लन. माझ्या हातून पडेल. जपून, जाळी जुनी आहे.

हार्लन: हलकी आहे किती. मला तर गोलकीपरच्या फावड्याएवढ्या काठीची सवय. मी कुठं उभा राहू? गोलाच्या पुढं?

एलवुड: तिथं गोलात कुणी उभं राहत नसतं. पळायचं असतं.

हार्लन: मी तर कधी पळालोच नाही, मामा. दम लागेल.

एलवुड: हळू पळ. मला सगळं बघायचंय.