कुणाशीच बंध नसलेली जोडी

माझ्या गोष्टींत मीठमसाला असतो हे कबूल, पण ही शब्दाला शब्द खरी आहे, उरलेल्या चार दातांची शपथ. दातांच्या डॉक्टरकडे बाकावर शेजारी एक नवरा-बायको बसले होते. बायको रसायनशास्त्राची मास्तरीण, मांडीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा.

"दादा-वहिनी अजून थोडे दिवस राहतील म्हणतात," नवरा म्हणाला.

"राहू देत की. थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षंच तर झाली."

"त्यांचा कुणाला त्रास आहे का?"

"छे. हा अमोनिया बघ. नायट्रोजनचे चार कप्पे मिसळून एकसारखे झाले. तीन कप्प्यांत एकेक हायड्रोजन बांधलेला, म्हणजे तू, मी आणि आई. चौथ्यात इलेक्ट्रॉनची जोडी. कुणाशी बंध नाही, की कसलं काम नाही. नुसती पसरून बसते आणि तिघांना दाटीवाटीत ढकलते."

"म्हणजे आपल्या तिघांना हॉलमध्ये?"

"हुशार आहेस. दोन मार्क."

"मग त्या जोडीला हाकलायचं कसं?"

"हाकलायचं कशाला? ज्याच्याकडे एकही इलेक्ट्रॉन नाही, असा हायड्रोजन गाठायचा. तो जोडीला धरतो आणि बाकीचे तिघे ऐसपैस होतात."

"असा रिकामा कुठे मिळायचा?"

"वहिनींचा भाऊ परदेशी चाललाय. त्याचं घर रिकामं पडणार, राखायला जोडीच हवी होती. मी सकाळीच हो म्हणून कळवलंय."

"अगं, पण दादाला विचारलंस का?"

"इलेक्ट्रॉनला कोण विचारतं?"