फळ्यावरचं सगळं उतरवणारी मुलगी

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे भगवानराव, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख रमाकांत सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या विशेष शिक्षिका शकुंतला मॅडम, शिक्षक बंधू-भगिनींनो आणि मागं दाराशी उभे असलेले पालकहो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. गजेंद्र सर घड्याळ समोर ठेवूनच बसलेत, म्हणून स्तुती थोडक्यात उरकतो. मॅडमनी स्कूटीवरून संग्रामपूर तालुक्यातल्या शाळा पालथ्या घातल्या. मूल अडखळलं की वर्गशिक्षकानं नाव कळवायचं, मॅडमनी येऊन बघायचं, पालकांनी संमतीची सही करायची, मग शिबिरात तपासणी. सगळं सुरू होतं ते वर्गशिक्षकानं लिहिलेल्या एका नावापासून. एक नाव मी तीन वर्षं लिहिलं नाही. ते आज बोलल्याशिवाय मॅडमच्या हातात हा नारळ द्यायची माझी हिंमत होत नाही.

दर जुलैत मॅडमचा फॉर्म यायचा. वर्गात अडचण असलेली मुलं कोण? आपण काय करतो, शिक्षकहो? 'माहिती निरंक' लिहितो, शिक्का मारतो आणि मोकळे होतो. हसू नका, तुमचेही शिक्के मी पाहिलेत! एकदा मात्र मी एका मुलाचं नाव कळवलं, तेही तो जागेवर स्वस्थ बसत नव्हता म्हणून. मॅडमनी त्याला तासभर बघितलं आणि म्हणाल्या, "सर, याले काही झालं नाही. याले तुमचा तास कंटाळवाना वाटते."

त्याच वर्गात खिडकीजवळ एक मुलगी बसायची, तीन वर्षं ती माझ्याकडं होती. तिचं नाव घेत नाही. माझ्या चुकीपायी तिची गावभर चर्चा का व्हावी? अक्षर इतकं सुरेख की साहेब तपासणीला आले की मी तिचीच वही पुढे करायचो. फळ्यावरचं काना-मात्रेसकट उतरवायची. तोंडी विचारलं की खडाखडा सांगायची. मॅडमनी एकदा त्या वहीवर बोट ठेवून विचारलं, "हे तिनं वाचून दाखवलं काय?" मी म्हणालो, "मॅडम, अक्षर तरी बघा!" खरं सांगतो, मला राग आला होता.

ती आता आठवीत आहे. पुढच्या शिक्षकांनीही वहीवरचा माझा शेरा बघून तिचं नाव कळवलं नाही. मागच्या महिन्यात मॅडमनी फळा पुसला आणि तिला तिच्याच वहीतली ओळ वाचायला सांगितली. पोरगी वहीकडं बघत नुसती उभी राहिली. एक शब्द वाचता येईना. इतकी वर्षं ती चित्र काढावं तशी अक्षरं काढत होती, आणि मी खाली लिहीत होतो 'उत्कृष्ट'.

तिचं नाव फॉर्मवर लिहून, संमतीची सही मागायला मी तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "सर, तुमीच त लिवलं होतं उत्कृष्ट. आता पोरीले येडी म्हनता काय? उद्या सोयरीक कोन करीन?" मी सांगितलं, तसं नाही, पोरगी हुशार आहे, तिला वेगळ्या रीतीनं शिकवावं लागेल. तर म्हणाले, "मंग तवाच काऊन नाही सांगतलं?" चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला मॅडम सोबत आल्या, तिच्या आईजवळ चुलीपाशी बसल्या, आणि परवा सही झाली.

आणि मॅडम, आज तुमचा शेवटचा दिवस! तुमच्या जागी अजून कोणी नेमलेलं नाही. रमाकांत सर, मी तुम्हाला अडचणीत आणत नाही, पण शिबिराची तारीखही लागलेली नाही. आठवी झाली की मुलीला घरी बसवायचं असं वडील बोलून गेलेत. मला भीती वाटते, सर.

भाषण संपवताना काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची आपली रीत आहे. तुमच्यापुढं तसं म्हणून माझं भागणार नव्हतं. म्हणून काल मी त्या मुलीची माफी मागितली. तिनं वही मिटली आणि विचारलं, "सर, मॅडम गेल्या त मले कोन शिकविन?"

मॅडम, तुमचे मनापासून आभार. तिच्या या प्रश्नाचं उत्तर इथं कुणाकडं असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा. गजेंद्र सर, वेळ जास्त घेतला, माफ करा.