एकाच साच्यात हातोडा आणि क्रूस

…न्हाई सर, दार लोटूनच घ्या. पोरीच्या कालेजातनं आलात म्हणून आत घेतलं, न्हाईतर सकाळपासनं म्या कुणाला उंबरा ओलांडू दिला न्हाई. बसा. व्हय, हाच तो साचा — लावा हात, भट्टी थंड हाय. मालक गेले तवापासनं देवाचे टाक, घंटा मीच ओतते, अख्ख्या भोर गावाला ठाव हाय. प्रेरणा, माझी भाची, म्हणाली, आत्या, अभ्यासाला नमुना करून दे. कसला अभ्यास? तर ती लांब उत्तरेकडची होडीवाली माणसं, व्हायकिंग. आधी त्यांचा देव हातोडेवाला, मग क्रूस आला — पण येका दिसात थोडाच आला? येकाच दगडात दोन्हीच्या खाचा, ज्याला जे पायजे ते ओतून द्यायचं. आन खाचेतल्या नक्षीतली ही वेल बघा, ही त्यांनी इंग्लंडाकडनं उचलली. तिच्यात गुरफाटलेलं जनावर मातर त्यांच्या घरचं. मला लई आवडलं ते. जीव लावून ओतलं म्या.

आता मोबाईलवर फिरतोय तो फोटू कुणी काढला, काय ठाव. गार व्हायला ठेवलेले क्रूस तेवढे दिसतात, हातोडे कापून टाकलेत. खाली लिवलंय — ही बाई धर्म बाटवायला माल पुरवती. काल गाडीवरनं चौघं आली, दारावर लाथा घालून गेली. शेजारीण नजर देत न्हाई. माझं काय, म्हातारीचं — पण पोरीचं नाव टाकलंय हो त्यात. म्हणून तर तिला आंबवड्याला ठेवली, नणंदेकडं, देवळामागं. तुमी तिचे सर, तुमच्यापासनं काय लपवायचं…

काय? देवळामागं कुठलं घर?

मोबाईलवर काय लिवताय, सर? तुमी तिला काय शिकवता — म्या विचारलंच न्हाई. आल्यापासनं मीच बोलतीया. तिचं नाव बी म्याच घेतलं, तुमी नुसतं पोरगी म्हणालात. आन भाईर गाडी चालू ठेवून कोण बसलंय?

साचा ठेवा खाली. जावा तुमी. जावा म्हणते ना.

…हॅलो, प्रेरणा? हातातलं काम टाक, तिथनं नीघ. आत्ताच, वन्संला घेऊन नीघ. रडू नगं. कुणी सांगितलं काय विचारतीस गं —

म्या सांगितलं.