आठव्या गाडीच्या धडकेबाबत पहिल्या गाडीतल्या आजीचा जबाब

नाव: शिवणवाली आजी, गल्लीत याच नावाने विचारावे. वय: बहात्तर, म्हणजे विहीणबाईंपेक्षा दोनने कमी. धंदा: पूर्वी शिवणकाम, आता नातीचे कौतुक, हे लिहिता येत नाही असे साहेब म्हणाले, म्हणून घरकाम. राहणार: टपाल कचेरीच्या मागे, तळमजला.

मी ठाण्यात आपण होऊन हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझ्या मुलाची मुलगी रस्त्यावरच्या गर्दीचे गणित मांडते. पाढे म्हणताना माझ्याच मांडीवर बसायची, पण ते असो. तिचे म्हणणे असे की, समोर काही अडलेले नसतानाही वाहने खोळंबतात. पुढचा जरासा दबकला की मागचा त्याहून जास्त दबकतो, त्याच्या मागचा आणखी, आणि शेवटच्यावर थांबायचीच वेळ येते. पुढचा मात्र केव्हाच निघून गेलेला असतो. आमच्या घरात भांडणे अशीच पसरतात, असे मी म्हटले तर ती हसली. ते हसणे मला दोन दिवस पुरले.

आज सकाळी बंद गिरणीमागच्या रिकाम्या रस्त्यावर तिने ओळखीच्यांच्या आठ गाड्या एकामागे एक लावल्या. वेग सारखा, मधले अंतर सारखे, ब्रेकला कुणी पाय लावायचा नाही. मला सगळ्यात पुढे बसवले. "आजी, ही तुझी मानाची गाडी," म्हणाली. मी हुरळले. ठेवणीतले कपडे घातले होते. गाडी निवृत्त बसवाले काका चालवत होते. माझ्या शेजारी तिने वाळूचे पोते ठेवले, सगळ्या गाड्यांचे वजन सारखे व्हावे म्हणून.

विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, आठव्या गाडीत. ती गाडी दूधवाल्याची. नातही तिथेच, कारण मोजमाप मागूनच घ्यावे लागते. पुढच्या सीटवर तिघे दाटीवाटीने. विहीणबाईंना एकटे बसले की चक्कर येते. हे दुखणे मला आजच कळले. माझा त्यावर काही आक्षेप नाही.

गाड्या छान चालल्या होत्या. आरशात आठवी दिसेना. वळण आले तेव्हा मी काकांना म्हटले, "जरा हळू घ्या, मला मागे बघायचंय."

"आजी, पाय लावायचा नाही असं ठरलंय."

"ठरवलं कुणी? माझ्याच नातीनं ना?"

त्यांनी ब्रेकला नुसता पाय टेकवला. मी वळून पाहिले. विहीणबाईंनी नातीच्या खांद्यावर डोके ठेवले होते. मग धाडकन आवाज आला.

आम्हाला धक्कासुद्धा बसला नाही. आठवी सातवीवर आपटली होती. दूधवाल्याचा दिवा फुटला, विहीणबाईंच्या कपाळाला टेंगूळ आले. नातीला खरचटलेही नाही, देवाची कृपा. ती प्रत्येकाला विचारत होती, "पहिला ब्रेक कुणी लावला?" सगळे नाही म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि तेही नाही म्हणाले. मी चष्मा पुसत होते.

सातव्या गाडीच्या मालकाने तक्रार दिली. मागून धडकला तोच दोषी, असे तुमचे हवालदार म्हणतात. दूधवाल्याची गाडी अडकवली आहे आणि तो सकाळपासून बाहेरच्या बाकावर आहे. मी त्याला पाणी नेऊन दिले. "गाडी सुटली नाही तर संध्याकाळचं दूध बोंबललं, आजी," म्हणाला. "तुझी चूक होती का रे?" मी विचारले. "काय ठाऊक. असेल." ते ऐकून मला बसवेना.

तरी सांगते की, चूक शेवटच्याची नाही. शोधायची तर पुढे शोधावी. हे माझ्या नातीचे गणित आहे आणि ते तंतोतंत बरोबर आले आहे. ब्रेक पहिल्या गाडीत लागला. काकांनी तो माझ्या सांगण्यावरून लावला. का सांगितला, असे साहेबांनी दोनदा विचारले. मी सांगितले, वाळूच्या पोत्याशी किती बोलणार.

नात इथे हजर नाही. ती विहीणबाईंना घेऊन दवाखान्यात गेली आहे. टेंगूळ लिंबाएवढे आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरला आहे. फक्त 'विहीणबाईंना दुखापत' लिहिले होते तिथे आधी 'किरकोळ' घालायला सांगितले, ते घातले. खाली सही केली आहे, अंगठा नाही. सही मला नातीने शिकवली. विहीणबाईंनाही तिनेच शिकवली, पण माझी आधी.