धावपट्टीची राखण

कौस्तुभ : ‘पक्षी पळवणारा कामगार ईश्वर त्या वेळी जागेवर नव्हता.’ बस. उद्या चौकशीत एवढं एकच वाक्य बोलायचंय.

रुचिता : आणि दहीभात? तो होता ना जागेवर?

कौस्तुभ : हळू बोल. आई आत आहे.

रुचिता : आईंपासून कसलं लपवतोस? भात त्यांनीच शिजवला. डबा मी भरला, तू कोळंबखाडीच्या एअरपोर्टवर नेलास आणि रनवेच्या कडेला गवतात पान मांडलंस. कावळे आले, घारी आल्या, एक घार सरळ विमानाच्या इंजिनात गेली. सगळं कसं घरच्या घरी पार पडलं.

कौस्तुभ : भातामुळेच घार आली हे कशावरून? तिथे पक्षी येतातच. खाडी जवळ आहे.

रुचिता : हो ना. बिचारी हवा खायला आली असेल.

कौस्तुभ : तुला गंमत वाटतेय. विमान वर जाताजाता इंजिन पेटलं, पायलटनं तसंच वळवून खाली आणलं, चाक मोडलं, पोटावर घसरत गेलं ते. माझ्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून मला धड झोप नाही.

रुचिता : झोप नाही, पण वाक्य छान पाठ झालंय. आणि घसरत घसरत थांबलं कुठे, ते नाही बोलायचं उद्या?

कौस्तुभ : खडीच्या ढिगाला आपटून.

रुचिता : रनवे संपल्यावर पुढे मोकळी जागा कशाला सोडतात रे? लग्नाआधी तूच शिकवलं होतंस मला, भाव खायला.

कौस्तुभ : विमान घसरलंच तर थांबायला.

रुचिता : आणि तुमच्या कंत्राटदार शेठनं तिथे खडी ओतली. केवढी माया! विमानाला टेकायला उशी.

कौस्तुभ : अगं, रात्री रनवेवर नवं डांबर टाकायचं आणि सकाळी फ्लाइट सुरू. रोज कुठे उचलून ठेवणार खडी? सगळ्या साईटवर असंच चालतं.

रुचिता : थँक्यू. हे सांगून तू माझी काळजीच मिटवलीस.

सुगंधा : काय गो, मघापासून माझ्या भाताचं काय चाललंय?

रुचिता : काही नाही आई. त्याचं नाव निघू नये, असं ठरतंय.

सुगंधा : का म्हणून निघू नये? रोलर बंद पडत होता, एका कामगाराच्या पायावर पिंप पडलं, काम पुढे सरकत नव्हतं. जागेच्या राखणदाराला न विचारता जमीन उकरलीत, तो रुसणारच. आमच्या रत्नागिरीकडे साधी विहीर खणायची तरी आधी राखण देतात. मी याला म्हटलं, नारळ ठेव, दहीभात ठेव, गाऱ्हाणं घाल. घातलंस, म्हणून एवढं मोठं विमान पडलं तरी एक माणूस दगावला नाही. राखणदारानं झेलली माणसं!

रुचिता : पायलटची कंबर तेवढी झेलायची राहिली.

सुगंधा : कर चेष्टा. पण कौस्तुभ, ते चौकशीवाले आहेत ना, त्यांना हे सांग हां. पेपरात छापून येईल.

रुचिता : सांगच. सोबत आईंचा फोटो ने.

कौस्तुभ : आई, हात जोडतो. शेठनं बजावलंय, राखणीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

सुगंधा : शेठ स्वतः हात जोडून उभे होते म्हणालास ना?

कौस्तुभ : होते. तेच उशिरा आले, म्हणून पहाटेचं काम उजाडल्यावर गेलं. तिकडे पहिलं विमान सुटायच्या तयारीत आणि इकडे आमचं गाऱ्हाणं चालू.

रुचिता : आणि ईश्वर कुठे होता?

कौस्तुभ : सांगितलं ना, जागेवर नव्हता.

रुचिता : मी चौकशीतला साहेब नाहीये, कौस्तुभ. त्याला नोकरी तूच लावलीस. उत्तनला त्याच्या घरी जेवून आलोय आपण. मासळी वाळत घातलेली, तिच्यावर एक कावळा टेकू दिला नाही त्यानं. भरल्या ताटावरून उठत होता. तो माणूस नेमका त्याच दिवशी गायब?

(कौस्तुभ उठून फोन चार्जिंगला लावतो.)

रुचिता : अरे बोल. माझ्यासमोर प्रॅक्टिस होईल.

कौस्तुभ : होता. माझ्या शेजारीच होता. हातात फटाके. म्हणाला, ‘साहेब, भात नका ठेवू, घारी फिरायला लागल्यात. वाजवतो मी.’

रुचिता : मग?

कौस्तुभ : मी म्हटलं, गाऱ्हाणं संपेपर्यंत वाजवू नकोस. शेठ डोळे मिटून उभे आहेत. देवाच्या कामात आवाज नको.

रुचिता : क्या बात है! देवाला फटाका चालत नाही, पेटलेलं विमान चालतं.

सुगंधा : हे मला नाही सांगितलंस तू.

कौस्तुभ : काय सांगू? शेठनं शब्द दिलाय. ईश्वरवर निभावलं की मी परमनंट, पुढच्या साईटचा इनचार्ज. आणि ईश्वरचं काय, घरची होडी आहे त्याची. उपाशी नाही मरणार.

रुचिता : बरोबर. लोकांच्या जिवाशी खेळला म्हणून पोलीस न्यायला आले, की बसेल होडीत आणि जाईल. शेठच्या वकिलानं हाही सल्ला दिलाय का?

कौस्तुभ : मग मी जाऊ का आत? तू येशील डबा घेऊन?

रुचिता : येईन. फक्त भात नाही आणणार.

सुगंधा : दोघं गप्प बसा जरा. कौस्तुभ, गाऱ्हाण्यात काय म्हणालास तू?

कौस्तुभ : तू शिकवलंस तेच. ‘बा राखणदारा, ह्या कामावर राबणाऱ्या लहानथोरांना सांभाळ. कोणाचं वाकडं होऊ देऊ नको.’

सुगंधा : आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले?

कौस्तुभ : म्हणाले.

सुगंधा : ईश्वर?

कौस्तुभ : तोच सगळ्यात मोठ्यानं म्हणाला.

रुचिता : घे, तुझा फोन वाजतोय. नीलमचा आहे, ईश्वरच्या बायकोचा. नाही उचलत? बरं, मी उचलते. स्पीकरवर टाकते. बोल गं नीलम.

नीलम : वयनी, सायब हायत का?

कौस्तुभ : आहे. बोला.

नीलम : सायब, आज ह्यांना बोलावलेलं चौकशीला. तुमचं नाव न्हाय घेतलं त्यांनी. फटाके भिजलेले, वाजलेच न्हाय, असं सांगून आलेत. मला म्हणाले, सायबांना कळव, टेन्शन नका घेऊ. देवाचं काम होतं, त्याची बोंब न्हाय करायची.

कौस्तुभ : वहिनी…

नीलम : फक्त एक करा सायब. उद्या तुम्ही तेवढं सांगा, का माणूस जागेवर होता. दुसरं काय न्हाय. झोपला होता, पळाला होता, असं लोक बोलतात ना, ते त्यांना लय लागलंय. दोन दिवस जेवले न्हाय.

कौस्तुभ : वहिनी, ईश्वरला म्हणावं… त्यानं जे झालं ते सांगून टाकावं. ‘वाजवू नको’ असं मी म्हणालो होतो, हे. मला विचारलं तर मी… मी नाही म्हणणार नाही.

रुचिता : वा! म्हणजे खरंही त्यानंच बोलायचं.

नीलम : ते न्हाय बोलणार सायब. तुम्ही त्यांना वळखता. ठेवते.

सुगंधा : रुचिता, माझी बरी साडी काढून ठेव गो. उद्या मी याच्याबरोबर जातेय.

कौस्तुभ : आई, तिथे तुला आत कोण सोडणार?

सुगंधा : बाहेर बसेन. तू बाहेर आलास की तुझ्या तोंडाकडे बघून कळेल मला.