घोट्याला चावणारे बूट

आखातातल्या बिन महमूद वस्तीत, सुदामच्या चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात विभावरी चपलेला टाच लावून घ्यायला थांबली होती. तिच्या पुढे एक तरुण इंजिनीअर स्कीइंगचे जाडजूड बूट घालून कण्हत बसला होता.

“घोट्याला चावतात हो. तापवून जरा फुगवा.”

“फुगवतो की. पण मोजे किती घातल्यात?”

“तीन. बर्फात जायचंय ना.”

“दोन काढा, सायेब. एकच पातळ मोजा घालायचा असतोय.”

“काढले. तरी चावतायत!”

“चावणारच. कड्या आतल्या अंगाला आल्यात. डावा बूट उजव्या पायात हाय.”

विभावरीने घाईघाईने फोनमध्ये डोकं खुपसलं.

“हळू बोला! वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम संपलं, म्हणून बॉस आम्हाला शुक्रवारी जॉर्जियाला नेतायत. मी दहा वर्षं स्कीइंग करतोय, असं सांगून बसलोय.”

“बरं, बदला पाय. आता उभं ऱ्हावा. गुडघं वाकवा. कसं वाटतंय?”

“झकास! फक्त या हाडाला लागतंय.”

“तेवढंच तापवून फुगवतो. उद्या न्या.”

“शुक्रन, थँक्यू. पण हे कुणाला कळता कामा नये हं.”

“छ्या! तुमचे बॉस कालच उलटे बूट घालून बसलं हुतं हितं. त्यांचं मी कुणाला सांगितलं का?”