‘इक खा’ म्हणजे येतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्री. अजित सरपोतदार, व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती श्री. प्रकाश टिळेकर आणि सौ. मीनल टिळेकर, हे सभागृह इतकी वर्षं आपल्याला हसतमुखानं उघडून देणाऱ्या आणि मराठीतला ‘चहा’ एवढाच शब्द कळत असूनही आज पहिल्या रांगेत बसलेल्या इनेकेबाई, आइंडहोवनमधले आणि थेट मास्ट्रिख्टहून गाडी बदलत आलेले रसिकहो, आणि मागे सतरंजीवर डचमध्ये भांडत असलेल्या बालगोपाळांनो,

मी नीरजा. मला सूत्रसंचालकांनी बजावलंय, थोडक्यात आटप, वडे गार होतील. प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी टिळेकरकाकांच्या नोकरीबद्दल सांगितलं. चिप बनवणाऱ्या मशीनच्या आत काय असतं, ते आरसे, ते किरण, सगळं ऐकलं. खरं सांगायचं तर मीही त्याच धंद्यातली, तरी निम्मं डोक्यावरून गेलं. मी बोलणार आहे ते काकांच्या रविवारच्या सिनेमाबद्दल.

नव्या मंडळींसाठी सांगते. आपले आईवडील तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे येतात. पहिला आठवडा ट्युलिप, दुसरा आठवडा पवनचक्क्या. पुढे काय? आपण ऑफिसात, नातवंडं शाळेत, बाहेर वारा आणि घरात सोफा. काकांनी ह्या मंडळींसाठी इथेच सिनेमा सुरू केला. आता तुम्ही म्हणाल, छान गाणीबिणी असलेला मराठी सिनेमा लावला असेल. छे. काकांची आवड वेगळी. लायब्ररीनं विकायला काढलेले जुने, कृष्णधवल, युरोपातले सिनेमे. पडद्यावरची माणसं फ्रेंच बोलणार, खाली ओळी डचमध्ये येणार, आणि पडद्याशेजारी सायकलचा पंप हातात धरून काका उभे. त्या पंपानं माणसं दाखवत ते मराठीत सांगणार. फ्रेंच त्यांना ओ की ठो येत नाही. डच उत्तम येतं. आणि जिथे ओळी भराभर जायच्या तिथे, काकू, रागावू नका, पण काका सरळ मनचं ठोकून द्यायचे. फ्रान्सचा कुठलाही सरदार तोंड उघडायचा तो काकांच्या अस्सल मिरजेच्या भाषेत.

असाच एक सिनेमा होता, मेल्यानंतरच्या जगाचा. गोष्ट एका पाववाल्याची. तापट माणूस. एका सकाळी बायकोशी भांडतो, दार धाडकन आपटून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावरच घोडागाडीखाली सापडून मरतो. मग तो वर जातो. वर म्हणजे काय, कापसाचे ढग, आणि ते ज्या दोऱ्यांना टांगलेत त्या दोऱ्यासुद्धा दिसताहेत. आपली सगळी आजीआजोबा मंडळी हसायला लागली. तिथे मोठ्या मिशांचा एक दारवान आहे, हातात छत्री. तो पाववाल्याला आत सोडत नाही. काकांच्या मराठीत तो म्हणाला, “अहो, इथं कसली घाई करताय? खाली एक दार आपटून आलाय तुम्ही. ते आधी नीट लावून या.”

एवढीच अट. एका संध्याकाळपुरतं खाली जायचं, कुणाला दिसायचं नाही, आणि दार नीट लावून यायचं.

आता थोडं थांबते आणि दुसरं दार सांगते. माझ्या आईला, उत्तराला, मी कालच विचारलं, हे सगळ्यांसमोर सांगू का? ती म्हणाली, सांग, पण रडू नकोस, तुझं नाक लाल होतं.

माझा मुलगा झाला तेव्हा आई बाळंतपणासाठी इथे आली. बाबा अकोल्याला एकटे राहिले, ते नंतर येणार होते. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी, बॅग बंद होईना, आणि मेतकुटाची पुडी बाबांनी कुठे ठेवली ते सापडेना. त्यावरून दोघांची जुंपली. आई तणतणत उंबऱ्याबाहेर पडली आणि म्हणाली, “जाते.” बाबा मागून म्हणाले, “अगं, येते म्हण.” आई म्हणाली, “जाते म्हटलं ना,” आणि रिक्षात बसली.

ती इथे असतानाच बाबा गेले. हृदयविकाराचा झटका. दिवसकार्य झाल्यावर घराला कुलूप घालून मी तिला पुन्हा इकडे आणलं. आणि आमच्या लक्षात आलं, आई घराबाहेर पडताना काही बोलतच नाही. दुकानात जायचं असलं तरी गुपचूप चपला घालून निघून जायची. मी घरभर शोधायची. विचारलं तर म्हणायची, “माझ्या तोंडून चांगलं निघत नाही.” व्हिसा संपत आला होता. तिला परत जाणं भाग होतं, आणि ती म्हणत होती, “त्या दारात मी उभी कशी राहू गं?” आपण इथे सगळे शिकलेले लोक बसलोय. एका शब्दानं माणूस मरत नाही हे मी तिला शंभर वेळा समजावलं. समजत तिलाही होतं. पण समजून काय उपयोग?

त्या रविवारी मी तिला जवळजवळ ओढून इथे आणलं. ती मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसली.

तर पाववाला खाली आला. अंगावर अजून पिठाचा एप्रन. बायको दिव्याजवळ मोजे शिवत बसलीय, तिला तो दिसत नाही. तो बराच वेळ नुसता बघत राहतो. मग उंबऱ्यात जाऊन उभा राहतो, दोन शब्द बोलतो आणि दार इतकं हळू ओढून घेतो की बायकोला वाटतं, वारा असेल.

ते दोन शब्द खाली डचमध्ये आले. ‘इक खा.’ हसू नका, ते खाणं नव्हे. इथला ‘ग’ घशातून खरवडून काढावा लागतो म्हणून तसं ऐकू येतं. मी तेव्हा इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी डच शिकत होते, त्यामुळे एवढं मला पक्कं माहीत होतं. ‘इक खा’ म्हणजे ‘मी जातो’.

काकांनी पंप खाली केला आणि म्हणाले, “येतो.”

मी मागे वळून पाहिलं. आई पदरात तोंड घालून रडत होती. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

चहाच्या वेळी मी काकांना गाठलं. म्हटलं, “काका, खाली ‘मी जातो’ असं आलं होतं.” काकांना आठवेना. “मग मी काय म्हटलं?” “येतो म्हणालात.” त्यांनी वडा तोंडातच ठेवून थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग बरोबर आहे की. दारातून निघताना कुणी जातो म्हणतं का?” आणि चटणी कुठेय ते बघायला गेले.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. आज ऐकताहेत ते पहिल्यांदा.

घरी जाताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, “नीरू, तो तर मेलेला होता. तरी येतो म्हणाला.” मग म्हणाली, “तुझे बाबा म्हणाले होते की त्या दिवशी. येते म्हण, असं. मी नाही म्हटलं, पण त्यांनी म्हटला होता तो शब्द. आमच्या दारात तो उच्चारला गेला होता.” आणि पुढच्या स्टॉपला, किती तरी महिन्यांनी, बाबांचं नाव घेऊन हसली. म्हणाली, “मेतकूट त्यांनी डब्यांच्या मागेच ठेवलं असणार.”

व्हिसा संपला त्या दिवशी आमच्या दारात चपला घालून ती वळली आणि म्हणाली, “येते गं.” अकोल्याला जाऊन तिनं स्वतः कुलूप उघडलं. मेतकूट डब्यांच्या मागेच होतं. आता दर उन्हाळ्यात ती येते, आणि दर वेळी तसं सांगून जाते. आजही ती तिथेच, दाराजवळच्या खुर्चीत बसली आहे.

काका, तुम्ही ह्या गावाला काय काय दिलंत ते इतरांनी सांगितलं. माझ्या आईला तुम्ही तिचं घर परत दिलंत, तेही चटणी शोधता शोधता. ह्याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. तुम्ही आणि काकू आता कायमचे मिरजेला निघालात. मला फार वाईट वाटतंय, आणि ते मी लपवत नाही.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, इनेकेबाईंनी जागा दिली आणि तुम्ही सगळ्यांनी वड्यांचा वास येत असूनही ऐकून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. काकांनी त्या रविवारी जी चूक केली, ती मात्र कुणी दुरुस्त करू नका.

आणि काका, एक निरोप आहे. कार्यक्रम संपला की आई दारातच उभी राहणार आहे. तिला ओलांडल्याशिवाय तुम्हाला बाहेर पडता येणार नाही. तिला काय म्हणायचं, ते तुम्हाला सांगायला नको.